बर्फांतील पांखरें आणि आंगणांतील दाणा

ज्वारीचें कणीस भरूं लागलें म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंची झोंप उडते. पहांटेच गोफण घेऊन माळ्यावर चढावें आणि दिवस मावळेपर्यंत हाकाट्या देऊन पांखरें उडवावीं, हें काम तुमच्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणापासून केलें आहे. चार दिवस दुर्लक्ष झालें, तर भोरड्यांचा थवा उतरतो आणि शेताचा कोपरा रिकामा करून जातो. अशा मनुष्यास जर कोणी सांगितलें कीं, पृथ्वीवर असेहि देश आहेत, जेथें लोक पदरचा पैसा खर्चून दाणा विकत घेतात आणि तो रानपांखरांसाठीं आंगणांत टांगून ठेवितात, तर त्यास हंसूं येईल. कदाचित् रागहि येईल. ज्या घरांत आठ दिवसांपुरताच दाणा शिल्लक आहे, त्या घरच्या मनुष्यास ही रिकामटेकड्यांची हौस वाटावी, ह्यांत नवल नाहीं.

परंतु ती केवळ हौस आहे काय? तिच्यापासून पांखरांचें खरोखर हित होतें काय? आणि हित करावयास गेलें असतां अहित झालें, असें कधीं घडलें आहे काय? ह्या प्रश्नांचा विचार आजच्या पाठांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. शेवटीं वाचकांस हेंहि दिसून येईल कीं, दूरदेशींच्या ह्या गोष्टीचा आमच्या डोंगराळ गांवांशीं निकटचा संबंध आहे.

तेथील हिंवाळा

आमच्याकडे हिंवाळा म्हणजे सुगीचा काळ. पौषांत शेकोटी पेटवावी लागते खरी. परंतु त्या वेळीं शेतांत हरभरा व ज्वारी उभी असते, ओढ्यास पाणी असतें आणि झाडाझुडपांवर किडामुंगी असते. पांखरांच्या दृष्टीनें हा भरल्या घराचा काळ होय. म्हणूनच भोरड्या, धोबी इत्यादि पक्षी उत्तरेकडील थंड मुलखांतून ह्या दिवसांत आमच्याकडे पाहुणे होऊन येतात.

आतां उत्तर अमेरिकेकडे दृष्टि लावूं. तेथें विस्कॉन्सिन नांवाचें एक राज्य आहे. डिसेंबर महिन्यांत तेथील जमीन बर्फाखालीं झांकून जाते. तळ्यांचें पाणी असें घट्ट गोठतें कीं, माणसें त्यावरून चालत जातात. ज्या उष्णमानावर पाणी गोठतें त्यास शून्य अंश म्हणतात. तेथें कित्येक रात्रीं पारा शून्याच्या खालीं अठरा अंशांपर्यंत व त्याहूनहि खालीं उतरतो. गवताचें बीं बर्फाखालीं गाडलें जातें. किडे सालींच्या भेगांत निपचीत पडून राहतात. दिवस अवघा नऊ तासांचा व रात्र पंधरा तासांची होते. म्हणजे अन्न जेव्हां सर्वांत कमी, तेव्हांच तें शोधावयास वेळहि सर्वांत थोडा, आणि भूक मात्र सर्वांत मोठी.

ज्यांस दूर जातां येतें तीं पांखरें निघून जातात. परंतु सर्वच जात नाहींत. मागें राहणारांत चिकडी नांवाची एक चिमुकली पक्षीण आहे. डोक्यावर काळी टोपी, गळ्याखालीं काळा डाग आणि गाल पांढरे, असें तिचें रूप आहे. आमच्या रानांतील वल्गुली ही तिच्याच कुळांतली. चिकडीचें वजन सुमारें एक तोळा असतें. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा असे. कोणाच्या आजीच्या गांठोड्यांत तसा रुपया असल्यास तो तळहातावर ठेवून पाहावा. तेवढ्याच वजनांत ह्या पांखराचें रक्त, मांस, हाडें व पिसें सर्व कांहीं आलें.

लहान वस्तु लवकर निवते, हें तुम्ही जाणतां. हंड्यांतील पाणी तासभर ऊन राहतें, पेल्यांतला चहा बोलतां बोलतां थंड होतो. चिकडीच्या शरीराची उष्णता दिवसा सुमारें ४२ अंश असते. बाहेर पारा शून्याखालीं अठरावर उतरला, तर आंतल्या व बाहेरच्या उष्णतेंत साठ अंशांचें अंतर पडतें. एवढी ऊब राखण्यास जें जळण लागतें तें तिनें दिवसा खाल्लेल्या अन्नापासून बनलेल्या चरबीचें. रात्रीं तें पुरावें म्हणून ती आपल्या शरीराची उष्णता दहा ते बारा अंशांनीं उतरविते. घरची बाई रात्रीं चुलींतले निखारे राखेखालीं झांकून ठेविते, तशांतलाच हा प्रकार आहे. तरीहि पहांटेपर्यंत चरबीचा सांठा बहुतेक सरलेला असतो. मग उजाडतांच पुन्हा अन्नाच्या शोधास निघावयाचें, आणि पुढल्या पंधरा तासांची बेगमी नऊ तासांत करावयाची. एक दिवस जरी वादळानें बुडाला, तरी पुढली रात्र निभणें कठीण.

ही पक्षीण आळशी आहे असें मात्र कोणी समजूं नये. थंडी पडण्यापूर्वींच ती एकेक बीं झाडांच्या सालींत, शेवाळांत व ढोलींत दडवून ठेविते, आणि कोठें काय ठेविलें आहे हें पुष्कळ दिवस ध्यानांत बाळगिते. कणगी भरून ठेवणाऱ्या शहाण्या शेतकऱ्याचीच ही रीत नव्हे काय?

दाणा घालण्याची चाल

थंड देशांतील मनुष्यांनीं ही अडचण फार पूर्वींपासून ओळखिली आहे. नॉर्वे व स्वीडन ह्या देशांत नाताळाच्या सणास धान्याची एक पेंढी खांबावर बांधून आंगणांत उभी करण्याची जुनी चाल आहे. ती पेंढी बहुधा ओट नांवाच्या धान्याची असते. सणाच्या दिवशीं घरच्या माणसांनीं जेवावें आणि दारींच्या पांखरांनीं उपाशीं राहावें हें बरें दिसत नाहीं, असा त्या चालींतला भाव आहे. ज्यांनीं ही चाल पाडिली ते कांहीं सावकार नव्हते, शेतकरीच होते; बर्फ व तूट हीं दोन्ही त्यांच्या ओळखीचीं होतीं.

इंग्लंडांत १८९०–९१ चा हिंवाळा फार कडक गेला. त्या वेळीं तेथील वर्तमानपत्रांनीं लोकांस पांखरांस अन्न घालण्याची विनंति केली, आणि तेव्हांपासून ही चाल तेथें घरोघर पसरली. आज इंग्लंडांत व अमेरिकेंत कोट्यवधि लोक हिंवाळ्यांत आंगणांत दाणा टांगितात. कोणी चौरंगासारखी फळी खांबावर बसवितात. कोणी भोंकें पाडलेली नळी सूर्यफुलाच्या बियांनीं भरून फांदीस अडकवितात. कोणी गुरांच्या चरबीची वडी जाळींत घालून ठेवितात.

हित होतें काय?

विस्कॉन्सिनांत मार्गारेट ब्रिटिंगहॅम व स्टॅन्ली टेम्पल ह्या दोन शास्त्रज्ञांनीं ह्याच प्रश्नाचा छडा लाविला. कांहीं रानांत त्यांनीं चिकड्यांस हिंवाळाभर दाणा मिळेल अशी व्यवस्था केली, आणि कांहीं रानांतील चिकड्यांस निसर्गावरच सोडिलें. १९८८ सालीं त्यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दाणा मिळालेल्या शंभर पांखरांपैकीं ६९ हिंवाळा पार करून वांचलीं. ज्यांस तो मिळाला नाहीं त्यांच्यापैकीं केवळ ३७. तेव्हां ही केवळ हौस आहे, असें म्हणण्यास जागा राहत नाहीं.

परंतु त्याच शोधांतली दुसरी गोष्टहि तितकीच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हा मोठा फरक सर्व हिंवाळाभर सारखा नव्हता. ज्या महिन्यांत अतिशय कडक थंडीचे दिवस पांचांहून अधिक आले, त्याच महिन्यांत दाण्यानें जीव वांचविले. सौम्य दिवसांत चिकडी आपलें आपण पाहून घेत होती.

येथें आमचा विचारी वाचक पुसेल, “आयतें मिळूं लागलें म्हणजे तीं पांखरें कष्ट करावयाचें विसरत नाहींत काय? एखादे वर्षीं घरधनी दुसऱ्या गांवीं गेला, तर त्यांनीं काय करावें?” हा आक्षेप फोल नव्हे. गरजू मनुष्यास साह्य करतांनाहि हाच प्रश्न आपल्यापुढें उभा राहतो. त्याच दोघां शास्त्रज्ञांनीं ह्याचीहि परीक्षा केली. ज्या ठिकाणीं पंचवीस वर्षें दरसाल दाणा घातला जात असे, तेथील दाणा त्यांनीं अजीबात काढून घेतला, आणि जेथें कधींच दाणा नव्हता अशा ठिकाणच्या चिकड्यांशीं तेथील चिकड्यांची तुलना केली. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, दोन्ही ठिकाणीं हिंवाळा पार करणाऱ्यांच्या प्रमाणांत फरक दिसला नाहीं. आणखी असेंहि आढळलें कीं, टांगलेला दाणा वाटेल तितका खाण्याची मोकळीक असतांहि चिकडी आपल्या गरजेच्या शंभर भागांपैकीं सुमारें २१ भागच तेथून घेते. बाकीचे ती रानांतूनच मिळविते. म्हणजे वेळेवर मिळालेल्या घांसानें ती आपला धंदा विसरली नाहीं.

अहित कसें झालें?

आतां ह्या गोष्टीची दुसरी बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. कारण जो पाठ केवळ एक बाजू सांगतो तो अर्धाच पाठ होय.

इंग्लंडांत ग्रीनफिंच नांवाचा एक हिरवट पक्षी आहे. आकारानें तो चिमणीएवढाच, चोंच मात्र जाड. आंगणांतल्या दाण्यावर येणाऱ्या पांखरांत हा नेहमींचा पाहुणा. २००५ सालीं तेथें ह्या जातींत एक रोग दिसून आला. त्याचे जंतु इतके सूक्ष्म असतात कीं, ते नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. कबुतरें व पारवे ह्यांस हा रोग फार पूर्वींपासून होत असे. आतां तो ह्या लहान पक्ष्यांत शिरला. रोगी पांखराचा घसा सुजतो. त्यास गिळतां येत नाहीं. तें पिसें फुगवून दाण्यापाशींच बसून राहतें, दाणा चोंचींत घेतें आणि लाळेसह पुन्हा खालीं टाकतें. तोच ओला दाणा शेजारचें निरोगी पांखरूं उचलतें.

रानांत हीं पांखरें विखरून चरतात. आंगणांत दाणा टांगिला म्हणजे सर्वांची एकच पंगत बसते, आणि तीहि एकाच पानावर. त्या पंगतींत एक रोगी आला व पान कोणी धुतलें नाहीं, म्हणजे काय होणार, हें पटकीची सांथ पाहिलेल्या गांवास समजावून सांगावें लागत नाहीं. ब्रिटनमध्यें ग्रीनफिंच सुमारें ४३ लाख होते; २००९ सालापर्यंत ते सुमारें २८ लाख उरले. २०२१ सालीं तेथील पक्षितज्ज्ञांनीं ह्या पक्ष्याचें नांव, ज्यांच्याविषयीं सर्वाधिक चिंता करावी अशा पक्ष्यांच्या तांबड्या यादींत घातलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. हीं पांखरें कोणी गोफणीनें मारिलीं नाहींत. कोणी जाळें लाविलें नाहीं, विष घातलें नाहीं. ज्यांच्या आंगणांत तीं मेलीं त्यांचें त्यांवर प्रेम होतें, आणि प्रेमानेंच त्यांनीं दाणा ठेविला होता. जंतु कांहीं त्यांनीं आणिले नव्हते. परंतु जंतूंस एका चोंचींतून दुसऱ्या चोंचींत जाण्याची वाट त्या भांड्यानें सोपी करून दिली. दाणा देणें ठाऊक होतें. भांडें धुणें पुष्कळांस ठाऊक नव्हतें. दयेला ज्ञानाची जोड नसली तर ती ज्याच्यावर करावी त्यालाच घातक होते, हा ह्या सर्व पाठाचा गाभा आहे.

चार नियम

म्हणून त्या देशांतील जाणते लोक आज चार नियम सांगतात.

पहिला नियम अन्नाचा. जें आपणांस नकोसें झालें तें पांखरांस चालेलच, असें नाहीं. पावानें पोट भरतें, परंतु थंडीस लागणारें जळण त्यांत थोडें. खारवलेले पदार्थ घालूं नयेत. मिठानें लहान पांखरांस अपाय होतो. दूध त्यांस पचत नाहीं. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत विष असतें. सूर्यफुलाचें बीं, चांगले शेंगदाणे व बिनमिठाची घट्ट चरबी हें हिंवाळ्याचें उत्तम अन्न होय. शिवाय कोणाची चोंच कशासाठीं आहे हेंहि पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत १९६२ च्या डिसेंबराच्या अखेरीस पडूं लागलेलें बर्फ पुष्कळ ठिकाणीं १९६३ च्या मार्चपर्यंत राहिलें. त्या हिंवाळ्यांत रेन नांवाचे चिमुकले पक्षी फार मोठ्या संख्येनें मेले. हा पक्षी किडे व कोळी खाऊन जगतो. त्याच्यापुढें गव्हाची रास ओतली तरी तिचा त्यास काय उपयोग?

दुसरा नियम वेळेचा. कडक थंडींत व बर्फाच्या वादळांत भांडें पहांटेस व दुपार टळल्यावर भरलेलें असावें. कारण रात्रीच्या उपासानंतरचा व रात्रीच्या उपासापूर्वींचा घांस हे दोन सर्वांत मोलाचे. पाणीहि ठेवावें, आणि तें गोठूं देऊं नये.

तिसरा नियम जागेचा. मांजरास दबा धरतां येईल अशा झुडपास लागून दाणा ठेवूं नये. परंतु ससाणा आल्यास उडून लपतां येईल इतक्या अंतरावर झाड असावें. कांचेच्या खिडकींत आकाशाचें प्रतिबिंब पाहून पांखरें तीवर आदळतात व मरतात. म्हणून दाणा खिडकीपासून हातभर दोन हातांच्या आंत, नाहीं तर चांगला वीस हातांहून दूर टांगावा. अगदीं जवळ असल्यास पांखरास आदळण्याइतका वेगच येत नाहीं.

चौथा नियम स्वच्छतेचा, आणि तो सर्वांत मोठा. भांडीं वरचेवर धुवावीं व पूर्ण वाळवून मगच भरावीं. ग्रीनफिंचांच्या रोगाचे जंतु ओलाव्यांत टिकतात, वाळल्यानें मरतात. खालीं सांडलेला दाणा झाडून काढावा. एक दोन दिवसांत संपेल इतकाच दाणा घालावा. रोगी पांखरूं दिसलें, तर दोन ते चार आठवडे दाणा घालणें अजीबात बंद करावें, म्हणजे पंगत उठून पांखरें विखरतील. अशा वेळीं हात आंखडणें हीच दया होय.

आमच्या डोंगरांतील कारळे

आतां आम्हीं आरंभीं म्हटलेला संबंध सांगतों. अमेरिकेंत हिंवाळा काढणाऱ्या पांखरांत गोल्डफिंच नांवाचें एक लहान पांखरूं आहे. त्यास बारीक, काळें, तेलकट बीं फार आवडतें. त्यासाठीं लोक अगदीं अरुंद फटींची निराळी नळी टांगितात. तें बीं अमेरिकेंत जातें तें मुख्यत्वें हिंदुस्थान व इथिओपिया अशा देशांतून. तें बीं कोणतें, हें सांगतांच आमच्या माताभगिनींस हंसूं येईल: ते आपले कारळे! कोणी त्यांस खुरासणी म्हणतात. नाशकाकडील व कोंकणालगतच्या डोंगरउतारांवर, जेथें दुसरें पीक धड येत नाहीं, तेथें पावसाळ्यानंतर जीं पिवळीं फुलें दिसतात तींच ह्या पिकाचीं. ज्या कारळ्यांची चटणी आपण भाकरीबरोबर खातों, तेच समुद्रापलीकडे बर्फांतल्या पांखराच्या चोंचींत पडतात.

ह्यांतहि ज्ञानाची जोड आहे. कारळ्यांत अमरवेलीचें बीं मिसळून गेलें, तर तिकडील शेतांत ती वेल माजेल. म्हणून अमेरिकेंत जाणारे कारळे सुमारें १२० अंशांच्या उष्णतेंत पंधरा मिनिटें तापवावे, असा तेथील नियम आहे. त्यानें रुजण्याची शक्ति जाते, अन्न मात्र राहतें. पांखरास घांस मिळावा आणि शेतकऱ्याचें शेतहि सुरक्षित राहावें, अशी ही दुहेरी काळजी.

आपल्या दारीं

मग आपण काय करावें? विस्कॉन्सिनचें पाहून आपणहि पौषांत दाण्याच्या नळ्या टांगाव्या, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आपल्या पांखरांची खरी टंचाई चैत्र-वैशाखांत येते, आणि ती दाण्यापेक्षां पाण्याची असते. जेथें ज्या वेळीं उणें असेल, तेथें त्या वेळीं तेवढें द्यावें, हीच तर चिकडीची शिकवण. सांवलींत ठेविलेलें पाण्याचें एक मातीचें परळ कोणाहि गरिबास परवडेल.

परंतु तेंहि कसें ठेवावें, ह्याचा अनुभव आम्हांस आहे. एका उन्हाळ्यांत आम्हीं असें परळ कडुनिंबाखालीं ठेविलें. मुलांनीं टाळ्या पिटल्या, शेजाऱ्यांनीं वाखाणिलें. पुढें गांवोगांवच्या फेरींत आठ दिवस गेले. परत येऊन पाहतों, तों पाण्यावर हिरवी साय, तळाशीं विष्ठा, आणि मध्यें डांसांच्या अळ्या वळवळत आहेत. त्याच पाण्यांत एक चिमणी चोंच बुडवीत होती. पाणी ठेवितांना जो संतोष झाला होता, तो त्या क्षणीं कोठच्या कोठें गेला. तेव्हांपासून परळ रोज सकाळीं घासण्याचें काम आम्हीं मुलांकडे सोंपविलें आहे, आणि आम्ही बाहेरगांवीं निघालों म्हणजे आधीं शेजाऱ्यास सांगून जातों. कोणी नसलें, तर परळ पालथें घालून जातों.

गोफण फिरविणाऱ्या बंधूस आमचें एवढेंच सांगणें आहे: आपली ज्वारी अवश्य राखा, तो तुमच्या लेंकरांचा घांस आहे. कापणी झाली, खळें उरकलें, उन्हाळा लागला, म्हणजे एक परळ दारीं ठेवा, आणि तें रोज धुवा.

शिक्षकांनीं वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. भोरड्या आमच्याकडे कोणत्या ऋतूंत येतात, व कां?
२. चिकडीस पंधरा तासांच्या रात्रीसाठीं काय सांठवावें लागतें? रात्रीं ती जळण कसें वांचविते?
३. दाण्यानें कोणत्या दिवसांत जीव वांचले? कोणत्या दिवसांत विशेष फरक पडला नाहीं?
४. ग्रीनफिंचांचा नाश कशानें झाला? तो टाळण्यास काय केलें पाहिजे?
५. आपल्या गांवांत, चांगल्या हेतूनें परंतु माहितीवांचून केलेल्या साह्यानें अपाय झाला, असें एखादें उदाहरण सांगा.